रिकाम्या गाडीचे वजन

आमचा दादा काय करतो असे कुणी विचारले, तर आम्ही सांगतो, ‘काट्यावर असतो.’ पुण्याकडच्या पाहुण्यांना यात काही वेदान्त असावा असे वाटते. रे रोडच्या माणसाला मात्र फोड करून सांगावे लागत नाही. स्टेशनातून बाहेर पडून बंदराच्या अंगाला वळले, की दारूखाना लागतो. (नावावर जाऊ नये, ही दारू प्यायची नव्हे, तोफेची.) ती दारू कधीच गेली आणि तिथे लोखंड आले. मोडीत काढलेल्या जहाजांचे पत्रे, साखळदंड, नळ, सळया यांचे ढीग आणि त्या ढिगांमधून वाट काढणारे ट्रक. प्रत्येक ट्रक माल भरण्याआधी एकदा आणि भरल्यावर एकदा काट्यावर चढतो. भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले, की माल किती ते कळते. ही वजाबाकी दादा १९९१ पासून करीत आला आहे. तीत एका किलोचा घोळ झाल्याचे कुणाला आठवत नाही.

दादा आता त्रेपन्न वर्षांचा आहे. लग्न केले नाही. म्हणजे एकदा ठरत आले होते. परंतु मुलीच्या वडिलांनी सांगितलेले तिचे वय आणि तिच्या मॅट्रिकचे साल यांचा मेळ बसत नाही, हे त्याने चहाचे कप हातात असतानाच त्यांना दाखवून दिले. त्याला चपातीवर चपाती ठेवलेली चालत नाही. चहाचा पेला ठरलेला. गाडीचा डबा ठरलेला. कुणी जन्मो, कुणी जावो, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. आमच्या घोडपदेवच्या चाळीत म्हाताऱ्या त्याला देवमाणूस म्हणतात, पोरे ‘सटक’ म्हणतात, आणि बाबा होते तोवर ते ‘घुम्या’ म्हणत. मी काय म्हणत होते ते पुढे येईलच.

माझे म्हणाल तर मी एका बालवाडीत शिकवते. शिक्षण मॅट्रिक. आता त्याला दहावी म्हणतात हे मला ठाऊक आहे. पण आमच्या आईने ‘पोरगी मॅट्रिक झाली’ म्हणून चाळीत पेढे वाटले होते, तेव्हा तोच शब्द राहू द्या. उरल्या वेळात मी कादंबऱ्या लिहिते.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. दादा रडला नाही. पण त्यानंतर थोड्याच दिवसांत मालकांच्या मुलाने काटा कळंबोलीच्या लोखंड बाजारात हलवायचे ठरवले, आणि दादाची घडी विस्कटली. जेवण निम्म्यावर आले. रात्री उठून तो गॅलरीत येरझारा घालू लागला. मला एकच प्रश्न दिवसातून दहादा विचारी, ‘छोटे, कळंबोलीला काटा कुठल्या दिशेला तोंड करून बसवणार?’ मी चिडे. माझी मुलगी कॉलेजात जाते. ती एके दिवशी म्हणाली, ‘आई, मामाला स्वमग्नता असेल का गं?’ आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता तिने मोबाईलवर पन्नास प्रश्नांची एक यादी काढली. दादाने ती बारा मिनिटांत भरली. बत्तीस गुण झाले की शंका घ्यायची. दादाचे छत्तीस झाले.

स्वमग्नता या शब्दाशीच माझे पहिल्यांदा भांडण झाले. मूळ शब्द ऑटिझम. स्वतः या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ब्लॉयलर नावाच्या एका स्विस वैद्याने १९११ च्या सुमारास तो रूढ केला, आणि तोही दुसऱ्याच एका मानसिक आजाराच्या संदर्भात. पुढे अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांची हकीकत लिहिली तेव्हा त्यांनी हा तयार शब्द उचलला. मराठीत त्याचे स्वमग्न झाले. पण आमचा दादा स्वतःत कुठे मग्न आहे? तो लोकांच्या ट्रकांत, गाड्यांच्या वेळापत्रकांत, भरती-ओहोटीच्या तक्त्यात मग्न असतो. स्वतःकडे त्याचे लक्ष गेले असते, तर शर्टाची बटणे तरी सरळ लागली असती!

कॅनर यांच्या त्या अकरा मुलांतला पहिला डोनाल्ड ट्रिपलेट. तो मिसिसिपी संस्थानातल्या आपल्या छोट्या गावी मोठा झाला, तिथल्या बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी फिरला आणि २०२३ साली, नव्वदीला टेकल्यावर वारला. स्वमग्न मूल मोठे होते ही साधी गोष्ट शास्त्राच्या ध्यानात यायला मात्र फार वेळ लागला. अमेरिकेतल्या मनोवैद्यांच्या ग्रंथात या दोषाला स्वतंत्र जागा मिळाली ती १९८० साली. तेव्हा दादा आठ वर्षांचा होऊन बाबांच्या हातचा पुष्कळ मार खाऊन चुकला होता. बोलता येणाऱ्या, शाळेत जाणाऱ्या, पण जगाशी सूत न जुळणाऱ्या माणसांकडे लोर्ना विंग या इंग्रज डॉक्टरबाईंनी लक्ष वेधले ते १९८१ साली. आपल्याकडे कायद्यात हा शब्द आला १९९९ मध्ये आणि अपंगांच्या हक्कांच्या मोठ्या कायद्यात २०१६ मध्ये. बाबा गेले १९९३ साली. त्यांना दोष तरी कसा द्यावा?

छत्तीस गुण पाहून मुलगी म्हणाली, ‘बघ!’ दादा मात्र त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, ‘ह्या काट्याला शिक्का कुणी मारला?’

हा प्रश्न समजायला काट्याचा रिवाज ठाऊक हवा. दर वर्षी वजनमापे खात्याचा इन्स्पेक्टर येतो, बरोबर प्रमाणित वजने आणतो, ती काट्याच्या मध्यावर ठेवतो, कोपऱ्यांवर ठेवतो, आणि काटा खरे बोलतो अशी खात्री पटल्यावरच शिक्का मारतो. काटा माल तोलतो, पण काट्याला कुणी तोलायचे, हा प्रश्न दादाच्या जगात सुटलेला आहे. माणसे तोलण्याच्या काट्यांचे काय, हे मला पाहावे लागले.

ती पन्नास प्रश्नांची यादी केंब्रिजमध्ये २००१ साली तयार झाली. आधीच निदान झालेल्या मोठ्या माणसांपैकी ऐंशी टक्क्यांना बत्तीस किंवा अधिक गुण पडले, आणि साध्या लोकांपैकी फक्त दोन टक्क्यांना. वाचून मला वाटले, याहून चांगला काटा कोणता? पण बालवाडीची बाई झाले तरी त्रैराशिक विसरलेले नाही. एका रात्री मुलांच्याच पाटीवर हिशोब मांडला. इंग्लंडात घरोघर जाऊन मोठ्या माणसांची पाहणी झाली, तिच्यात शंभरात सुमारे एक माणूस स्वमग्न निघाला. ती २०११ साली प्रसिद्ध झाली. तर एक हजार माणसे घेऊ. त्यांत दहा स्वमग्न. ऐंशी टक्क्यांनी त्यांतली आठ यादीत सापडतील. उरली नऊशे नव्वद. त्यांचे दोन टक्के म्हणजे जवळजवळ वीस. म्हणजे बत्तीसच्या वर गेलेल्या अठ्ठावीस जणांत खरोखरीचे आठ! चाळीतल्या सगळ्यांच्या हाती मोबाईल देऊन ही यादी भरून घेतली, तर तीनांतल्या दोघांना उगाच घोर लागेल. मी पाटी पुसली आणि झोपले. झोप मात्र आली नाही.

मग आम्ही एका नामांकित दवाखान्यात गेलो. वीस मिनिटे बोलणे झाले. डॉक्टर हसून म्हणाले, ‘हे डोळ्याला डोळा देऊन बोलतात, तीस-बत्तीस वर्षं एका जागी नोकरी करतात, मग कसली स्वमग्नता? आई गेल्याचं दुःख आहे.’ गोळ्या लिहून दिल्या. मला हायसे वाटले. खोटे कशाला बोलू, मला तेच ऐकायचे होते. जिना उतरताना दादा म्हणाला, ‘त्यांच्या उजव्या भुवईत एक पांढरा केस आहे.’

मी थांबले. ‘तू डोळ्यांत बघत नव्हतास?’

‘नाही. आईनं सांगितलंय, भुवयांकडे बघायचं. समोरच्याला वाटतं, डोळ्यांत बघतोय.’

नोकरीसाठी मालकांना भेटायला जायच्या आधी आईने त्याच्याकडून चार दिवस हे घटवून घेतले होते म्हणे. मी तेव्हा अकरा वर्षांची. मला गंधही नव्हता. आईच्या त्या शिकवणीने वीस मिनिटांचा काटा चकवला होता.

त्यानंतर ओळखीने एका मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरबाईंकडे गेलो. बाई चाळिशीच्या आतल्या, बोलणे तुटक, पण घाई नाही. त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितले, की एका बैठकीत काही ठरणार नाही, तीनदा यावे लागेल. दादाला हे फार आवडले. त्याने शिक्क्याचा प्रश्न त्यांनाही विचारला. मी शरमेने खाली पाहू लागले. बाई मात्र खुर्ची पुढे ओढून बसल्या.

‘हे बघा,’ त्या म्हणाल्या, ‘या याद्या पहिल्यांदा तपासतात तेव्हा एका बाजूला पक्कं निदान झालेली माणसं घेतात आणि दुसऱ्या बाजूला रस्त्यावरची.’

‘म्हणजे एक भरलेली गाडी आणि एक रिकामी,’ दादा म्हणाला. ‘तेवढा फरक कुठलाही काटा दाखवील. मुकादम नुसत्या टायरांवरून सांगतो.’

‘अगदी तसंच. माझ्याकडे येतात ती सगळी अर्धी भरलेली. कुणी दुःखात, कुणी चिंतेनं पोखरलेली, कुणी जन्मभर लोकांची नक्कल करून थकलेली.’ आणि त्यांनी लंडनमधल्या एका पाहणीची हकीकत सांगितली. ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. तपासणीसाठी पाठवलेल्या ४७६ मोठ्या माणसांकडून याच जातीची यादी भरून घेतली होती. जे खालच्या रेघेच्या आत राहिले, म्हणजे ज्यांना यादी ‘तुम्ही नव्हे’ म्हणाली, त्यांच्यातले ६४ टक्के पूर्ण तपासणीअंती स्वमग्न ठरले. रस्त्यावर जो काटा भलत्यांना पकडतो, तोच दवाखान्यात खऱ्यांना सोडतो! मी हे ऐकून गप्प बसले. दादाने वहीत आकडा उतरून घेतला.

दुसऱ्या बैठकीची कसोटी निराळी. तिला ॲडॉस म्हणतात. ती १९८९ साली प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्यात यादी नाही, समोर बसून करायच्या गोष्टी आहेत. शब्दांवाचूनच्या चित्रांचे पुस्तक दाखवून ‘यातली गोष्ट सांगा’ म्हणतात. दादाने गोष्ट सांगितली ती पंचनाम्यासारखी : किती बेडूक, किती पाने, घड्याळात किती वाजलेत. पुढे ‘दात कसे घासता ते मला काहीच ठाऊक नाही असं समजून दाखवा’ असे आले. दादा म्हणाला, ‘ब्रश नाही. आणि मी मंजन लावतो.’ बाईंना हसू आवरेना. ही कसोटी तरी पक्की ना, असे मी विचारले. तर त्या म्हणाल्या, की भ्रम होणाऱ्या रुग्णांवर ती लावून पाहिली तेव्हा त्यांतले तीस टक्केही तिच्या हिशोबाने स्वमग्न ठरले होते; अमेरिकेतली २०१७ ची गोष्ट. म्हणून त्या आणि त्यांचे एक सहकारी वेगवेगळे गुण देतात, मागाहून ताडून पाहतात. ‘कधी जुळत नाहीत,’ त्यांनी सांगून टाकले.

‘दोन काट्यांवर वजन घेणं बरं,’ दादा म्हणाला. त्या दिवशी तो घरी येऊन पोटभर जेवला.

तिसरी बैठक माझी होती. मोठ्या माणसाची खरी अडचण इथे येते. हा दोष असला तर तो लहानपणापासून असतो. तेव्हा चार-पाच वर्षांचा असताना माणूस कसा होता हे आईबापांना विचारायचे, अशी शास्त्राची पद्धत. बाबा नाहीत, आई नाही. उरले मी, त्याच्याहून आठ वर्षांनी धाकटी. तरी मी भरभरून बोलले. दादा उशिरा बोलू लागला आणि मग एकदम सबंध वाक्येच बोलला. सोडावॉटरच्या बाटल्यांची बुचे तो ओळीने मांडून ठेवी. लालबागची मिरवणूक निघाली की तो पिंपामागे लपे. म्हणून विसर्जनाच्या दिवशी आई त्याला भाऊच्या धक्क्यावर नेऊन मोऱ्याच्या लाँचमध्ये बसवी आणि दिवसभर ती दोघे जा-ये करीत. एकदा त्याने ताशेवाल्यावर दगड मारला...

बाईंनी पेन खाली ठेवले. ‘हे आईनं सांगितलं, की तुम्ही लिहिलंय?’

वाचकहो, माझी जीभ टाळ्याला चिकटली. माझ्या पहिल्या कादंबरीत दादा आहे. नाव निराळे, काटा तोच. बाप मेल्याच्या दिवशी, प्रेत अजून घरात असताना, तो सकाळी उठून काट्यावर निघून जातो, आणि धाकटी बहीण गॅलरीतून पाहत राहते. त्याला मी पाषाणहृदयी म्हटले आहे. परीक्षणांत याच प्रकरणाची वाखाणणी झाली. ताशेवाल्याचा दगड मी त्या कादंबरीसाठीच रचला होता, बहुधा. पिंपाची गोष्ट आईची. बुचांची? वीस वर्षे तीच तीच पाने चाळून माझी आठवण आणि माझी कल्पना एकमेकींत अशी मिसळली आहेत, की आता निवडता येत नाहीत. एका माणसाचे निदान माझ्या साक्षीवर ठरायचे होते, आणि साक्षीदार पेशाने थापाडी.

मी बाईंना तसे सांगितले. त्या म्हणाल्या, ‘मग कागद शोधा.’

पुढचे दोन रविवार मी आईची ट्रंक उपसली. जुनी रेशनकार्डे, बाबांच्या युनियनच्या पावत्या, माझ्या बारशाची यादी. तळाशी, पत्र्याला चिकटलेले, दादाचे १९७८-७९ चे पहिलीचे प्रगतिपुस्तक. गणितात पैकीच्या पैकी. शेऱ्याच्या जागी निळ्या शाईत बाईंचे अक्षर : मुलगा हुशार आहे, नावाने हाक मारल्यास ओ देत नाही, मधल्या सुट्टीत एकटाच फाटकाशी उभा राहून मालगाडीचे डबे मोजतो, जागा बदलल्यास रडतो. खाली आईची वळणदार सही. आईला एवढेच लिहिता येई.

मी तो कागद दादाला दाखवला. त्याने दोनदा वाचला आणि म्हणाला, ‘ही रिकाम्या गाडीची पावती.’

डॉक्टरबाईंनी माझ्या दोन तासांच्या बोलण्यापेक्षा त्या शेऱ्याला अधिक किंमत दिली, आणि मी रागावले नाही. पंधरवड्याने निकाल कळला. दोघांचे गुण जुळले होते. स्वमग्नता आहे, आईच्या मृत्यूचे दुःखही आहे, एकाने दुसरे खोटे ठरत नाही, असे बाई म्हणाल्या.

प्रमाणपत्राचे मात्र निराळे निघाले. त्यासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने केलेली भारतीय मापनपट्टी लावली गेली. तीत चाळीस बाबी, प्रत्येकीला एक ते पाच गुण, आणि सत्तरच्या खाली आले की दोष नाही असे धरायचे. बाबींचा रोख बव्हंशी लहान मुलांवर. दादाचे चौसष्ट झाले. एका खोलीत आहे, शेजारच्या खोलीत नाही! मी फार संतापले. दादा शांतपणे त्या कागदाकडे पाहत होता. ‘चाळीस बाबी आणि कमीत कमी एक,’ तो म्हणाला, ‘म्हणजे काट्यावर कुणी नसलं तरी चाळीस दिसणार. हा काटा शून्यावर आणलेलाच नाही.’ बाई हसल्या, पण त्यांनी ते लिहून घेतले असे मला वाटले.

प्रमाणपत्रावाचून अडले नाही. बाईंनी मालकांच्या मुलाला साधे पत्र दिले : बदल आधी सांगावा, तारीख ठरवून द्यावी, बसायची जागा दाखवावी. मुलगा खरेच चांगला आहे. त्याने कळंबोलीच्या काट्याचा नकाशाच दादाला पाठवला. काटा पूर्वाभिमुख आहे.

मागच्या रविवारी आम्ही दोघे रंगीत तालीम म्हणून निघालो. हार्बरच्या गाडीत रे रोडला चढलो, दादाला खिडकी मिळाली. वाशीच्या खाडीवर गाडी आली तेव्हा तो अचानक म्हणाला, ‘तुझ्या पुस्तकात चूक आहे. बाबा गेले त्या दिवशी तू मला पनवेल गाडीत बसवलंयस. १९९३ ला पनवेलला लोकल जात नव्हती. हा पूल त्याच्या आदल्या वर्षी झाला. पनवेल बरीच मागाहून.’

मला पुस्तक छापून झाल्याला इतकी वर्षे झाली; त्याने ते वाचले आहे हेच मला ठाऊक नव्हते. मी म्हटले, ‘दुरुस्त करीन. दादा, ते सगळं प्रकरणच काढून टाकू का?’

‘का? मी गेलो होतो काट्यावर. ते बरोबर आहे.’

‘का गेला होतास?’

‘इन्स्पेक्टर यायचा होता शिक्का मारायला. बाबांनी आदल्या रात्री सांगितलं होतं, काही झालं तरी उद्या चुकवू नकोस.’ तो खिडकीबाहेर पाहत होता. ‘साडेदहाला शिक्का झाला. मग मी परत आलो. तेव्हा तुम्ही बाबांना नेलं होतं.’

बत्तीस वर्षांत हे त्याला कुणी विचारले नव्हते. मीही नाही, मी लिहून मोकळी झाले होते. काही बोलावे म्हणून मी तोंड उघडले, पण मानसरोवर आले, आणि दादा वहीत वेळ टिपण्यात गुंतला. गाडी चार मिनिटे उशिरा होती.